आवारातील हिवाळी पक्षी : निरीक्षण आणि ओळख

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता होते. त्याच सुमारास केव्हातरी, सकाळच्या परिपाठाला मुले रांगेत उभी असताना, मैदानाच्या मोकळ्या बाजूला एक सडपातळ, राखाडी-पांढरा पक्षी तुरुतुरु चालताना दिसतो. चालता चालता तो थांबतो, शेपूट खालीवर हलवतो, एखादा किडा टिपतो आणि पुन्हा धावतो. आपल्या विद्यालयात शिकून गेलेल्या प्रत्येकाने हा पक्षी पाहिलेला आहे, असे मी खात्रीने म्हणू शकतो. कारण वंदनेच्या वेळी डोळे मिटलेले असावेत अशी अपेक्षा असली तरी सर्वांचे ते मिटलेले नसत, हे मी समोर उभा राहून अनेक वर्षे पाहिले आहे. मात्र त्या पक्ष्याचे नाव विचारले तर बहुतेकांचे उत्तर ‘चिमणीसारखं काहीतरी’ एवढेच येईल.

प्रस्तुत लेख त्या ‘काहीतरी’साठी आहे.

पक्षिनिरीक्षण म्हटले की दाट अरण्य, महागडी दुर्बीण आणि परगावचा प्रवास डोळ्यांसमोर येतो. जालना जिल्ह्यात अरण्य फारसे नाही. दक्षिणेला गोदावरी, मधून वाहणाऱ्या दुधना आणि पूर्णा, आणि त्यांच्यामध्ये पसरलेली काळी जमीन व मुरमाड माळ, असे आपले भूदृश्य आहे. कापूस, तूर, ज्वारी आणि मोसंबीच्या बागा यांच्यामध्ये शाळेचे आवार हे झाडांचे एक बेट असते. कडुलिंब, शेवगा, सीताफळ, कुंपणावरची बाभूळ आणि विलायती चिंच, बोधिवृक्ष म्हणून लावलेला पिंपळ, भोजनगृहामागचे सांडपाणी आणि खरकटे, एवढे साहित्य पक्ष्यांना पुरेसे असते. ज्यांना गाव सोडता येत नाही त्यांना हिमालयापलीकडचे प्राणी पाहायचे असतील, तर हिवाळ्यात शाळेच्या पायरीवर बसावे.

हिवाळाच का, याला कारण आहे. पावसाळ्यात पालवी दाट असते, अंधारून आलेले असते, पक्षी ऐकू येतात पण दिसत नाहीत. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर ते सावलीला जातात. हिवाळ्यात आकाश स्वच्छ, ऊन तिरपे आणि कोवळे, गवत वाळून खाली बसलेले, आणि वर पाहुण्यांची भर. असे महिने वर्षात चारच. परंतु हिवाळ्याचे घड्याळ वेगळे असते, हे मला उशिरा कळले. नवा शिक्षक म्हणून मी उत्साहाने मुलांना पहाटे साडेपाचला उठवून बाहेर काढत असे. कानटोप्या घातलेली मुले कुडकुडत उभी राहत आणि तासभर काहीही दिसत नसे. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. थंडीची लाट आली आणि पारा दहा अंशांच्या खाली उतरला की किडे गारठून निपचित पडतात. मग किडे खाणारे पक्षी तरी लवकर उठून काय करणार? ऊन झाडाच्या शेंड्यावरून खाली उतरू लागते तेव्हा त्यांची हालचाल सुरू होते. साडेसात ते साडेनऊ ही हिवाळ्यातील उत्तम वेळ. मुलांची झोप मोडण्याचे ते पाप मी आता मान्य करतो.

थंडीमुळे ओळखण्यात आणखी एक घोटाळा होतो. पक्षी पिसे फुलवून बसतात. पिसांच्या थरांत हवा अडकते आणि ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, गोधडीसारखी. त्यामुळे सकाळी तारेवर बसलेला होला दुपारच्या होल्यापेक्षा दीडपट जाड दिसतो, मान दिसेनाशी होते, आणि नवशिका निरीक्षक दोन निराळ्या जाती लिहून मोकळा होतो. म्हणून सकाळच्या थंडीत जाडीवर विश्वास ठेवू नये. चोच, शेपटीची लांबी आणि पाय यांवर ठेवावा.

आता पाहायचे कसे? आकार सांगण्यासाठी सेंटिमीटरची गरज नाही. चिमणी, साळुंकी आणि कावळा ही तीन मापे प्रत्येकाच्या डोळ्यांत बसलेली असतात. ‘चिमणीएवढा पण सडपातळ’, ‘साळुंकीपेक्षा मोठा, कावळ्यापेक्षा लहान’ असे लिहिले की निम्मे काम झाले. नंतर चोच: दाणे फोडणारी जाड, किडे टिपणारी बारीक, मध शोषणारी वाकडी, मांस फाडणारी आकडीदार. मग तो कुठे बसला आहे आणि काय करतो आहे. रंग सर्वांत शेवटी. मुले नेमके उलटे करतात. रंग आधी सांगतात, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात रंगाइतके फसवे दुसरे काही नसते. सूर्य आपल्या पाठीशी असावा हा साधा नियमही याच कारणाने पाळायचा. सूर्याकडे तोंड करून पाहिलेला प्रत्येक पक्षी काळाच दिसतो.

दुर्बीण असल्यास उत्तम. आठ बाय चाळीस मापाची साधी दुर्बीण शाळेला पुरते. नसल्यास अडत नाही. वही मात्र हवीच.

पाहुण्यांकडे वळण्यापूर्वी घरच्या मंडळींविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यांतील काही जण हिवाळ्यात वेष पालटतात. शेवग्याच्या फुलांवर येणारा जांभळा शिंजीर सर्वांना ठाऊक आहे. उन्हात चमकणारा, निळा-काळा. पावसाळ्याअखेर नराची ही चमक उतरते. वरून मळकट तपकिरी, खालून फिकट पिवळा, आणि हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध एक काळी रेघ, जणू शाईचा ओघळ, असे त्याचे रूप होते. मादीला ती रेघ नसते. थंडी सरता सरता त्याच्या अंगावर पुन्हा गडद ठिपके उमटू लागतात आणि काही आठवड्यांत तो पूर्ववत चमकतो. एकाच शेवग्यावर डिसेंबरपासून मार्चपर्यंत दर आठवड्याला हे पाहावे, एवढा सोपा आणि एवढा सुंदर धडा जीवशास्त्राच्या पुस्तकात नाही. दयाळ वेष पालटत नाही, पण थंडीत मौन धरतो. काळा-पांढरा, शेपूट उभारून हिंडणारा हा गवई तेव्हा नुसता किडे शोधत फिरतो आणि उन्हाळ्याची चाहूल लागली की भल्या पहाटे टाकीवर बसून गाऊ लागतो. कोकीळही हिवाळ्यात गप्प असतो. तो गेलेला नसतो, पिंपळाची फळे पिकली की तिथे गुपचूप जेवताना सापडतो. मादी तपकिरी आणि पांढऱ्या ठिपक्यांची असल्याने तिला कोणी ना कोणी दरवर्षी ससाणा ठरवतेच. त्याच पिंपळावर तांबट आणि क्वचित हरियाल येतो. हरियाल हा आपला राज्यपक्षी. पिवळ्या पायांचा हा हिरवा पारवा पानांत असा मिसळतो की फळे खाली पडताना दिसतात, पक्षी दिसत नाही.

एक प्रचलित चूक येथेच दुरुस्त करून घ्यावी. डोक्यावर पंख्यासारखा तुरा, अंगावर काळे-पांढरे पट्टे, लांब किंचित वाकडी चोच असलेला आणि मैदानातील माती उकरणारा पक्षी म्हणजे हुदहुद. त्याला आपल्याकडे सर्रास सुतारपक्षी म्हणतात. सुतार झाडाच्या खोडाला चिकटून चढतो आणि चोचीने लाकूड ठोकतो. हुदहुद जमिनीवर चालतो.

आता पाहुणे.

परिपाठाच्या वेळी दिसणारा तो पहिला पक्षी म्हणजे पांढरा धोबी. कोणी त्याला परीटही म्हणतात. पाणवठ्याशी राहून शेपूट सारखी आपटत असल्याने त्याला हे नाव पडले असावे, असे मला वाटते. चेहरा पांढरा, छातीवर काळा पट्टा, पाठ राखाडी. त्याचा मोठा भाऊ, म्हणजे मोठा धोबी, बारमाही आहे. तो नदीकाठच्या दगडांवर आढळतो. त्याची पाठ व डोके काळे, आणि डोळ्यावर ठळक पांढरी भुवई. एवढा फरक लक्षात ठेवला की पाहुणा कोण आणि घरचा कोण हे कळते. करडा धोबी सर्वांच्या आधी, कधी पावसाळा संपण्यापूर्वीच, सांडपाण्याच्या चरावर हजर होतो. शेपूट फार लांब, पाठ करडी, बुडाखाली पिवळा. हे सर्व हिमालयातून आणि त्याच्या उत्तरेकडून येतात. पायात कडी घातलेल्या पक्ष्यांवरून शास्त्रज्ञांना असे आढळले आहे की अनेक स्थलांतरित पक्षी हजारो किलोमीटर जाऊन-येऊनही वर्षानुवर्षे त्याच जागी हिवाळा काढतात. तेव्हा मैदानाच्या पूर्वेकडचा यंदाचा धोबी मागच्या वर्षीचाच असण्याचा संभव आहे. आपण त्याला ओळखत नसलो तरी तो आपले मैदान ओळखतो.

थिरथिऱ्याविषयी मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण त्याची ओळख मी करून दिली नाही. ती मला करून देण्यात आली.

विद्यालयात निसर्ग नोंदवही सुरू केली त्या काळात जुन्या स्नानगृहामागे दगडांचा एक ढीग होता. त्यावर हिवाळ्यात एक तपकिरी, चिमणीएवढी, बुडाशी तांबूस रंगाची पक्षीण नेहमी दिसे. मी नोंदवहीत ‘चिरक, मादी’ असे लिहिले. चिरक हा आपल्याकडचा बारमाही पक्षी. नर काळा, खांद्यावर पांढरा डाग, शेपटीखाली विटकरी. मादी मातकट, शेपटीखाली तशीच विटकरी. वर्णन जुळत होते. सलग दोन हिवाळे मी तेच लिहीत गेलो.

तिसऱ्या वर्षी सातवीतला एक मुलगा वर्गात उठून उभा राहिला. त्याच्याकडे सकाळी हौद भरण्याचे काम होते, त्यामुळे तो दगडांचा ढीग रोज त्याच्या डोळ्यांसमोर असे. त्याचे गाव घनसावंगीकडचे. आई-वडील दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर ऊसतोडीला जात आणि गाळप हंगाम संपला की परतत. तो म्हणाला, “सर, ही चिरक न्हाई. माझे आई-बाप कारखान्याला गेले की ही येती, अन् ते माघारी आले की जाती. चिरक तर उन्हाळ्यातबी असती.”

वर्ग हसला. मी म्हणालो, “पक्षी तुझ्या आई-बापाच्या हिशेबाने येत-जात नसतात. खाली बस.”

तो बसला. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. त्याने जे केले होते ते शुद्ध निरीक्षण होते: कोणता पक्षी कधी येतो आणि कधी जातो याची नोंद त्याने दोन वर्षे ठेवली होती, आणि ती ठेवण्यासाठी त्याच्याजवळ जे पंचांग होते ते त्याने वापरले होते. माझ्याजवळ छापील पंचांग आणि नोंदवही असूनही मी उन्हाळ्याची पाने उलटून पाहिली नव्हती.

त्या वर्षी चैत्रात मी ढिगापाशी जाऊन बसू लागलो. चिरकांची जोडी स्नानगृहाच्या भिंतीच्या भोकात घरटे करत होती. ढिगावरची पक्षीण नव्हती. मग सालिम अली यांचे पुस्तक काढून बसलो आणि तेव्हा लक्षात आले की मी फक्त रंग पाहिला होता, शेपूट पाहिली नव्हती. चिरक शेपूट उभी धरतो, पाठीवर वाकवल्यासारखी, आणि ती शेपूट काळपट असते. विटकरी रंग केवळ तिच्या खाली. थिरथिरा शेपूट उभारत नाही. तो बसल्या जागी ती थरथरवतो, थंडी वाजल्यासारखी, आणि अंग झटकन लववतो. उडाला की कंबर आणि शेपटीच्या दोन्ही कडा तांबूस-नारिंगी चमकतात. नर ओळखायला सोपा: डोके, गळा, छाती काळी आणि पोट नारिंगी. मादीच माणसाला फसवते. पुढच्या आश्विनात ती परतली, दगडावर बसली, शेपूट थरथरली, आणि शंका उरली नाही.

दोन हिवाळ्यांच्या सर्व नोंदी मी लाल शाईने दुरुस्त केल्या आणि समासात निरीक्षक म्हणून त्या मुलाचे नाव लिहिले. वर्गासमोर माझी चूक सांगितली. तो तेव्हा आठवीत होता. त्याने आनंद वगैरे काही दाखवला नाही, इतकेच विचारले, “मग ती जाती कुठं, सर?” मी भिंतीवरच्या नकाशावर हिमालय, तिबेट, त्यापलीकडचा मध्य आशिया दाखवला. तिचे घर तिकडे, घरटे तिकडे. तिकडे बर्फ पडला आणि किडे मिळेनासे झाले की ती पोटासाठी इकडे येते, असे सांगितले. ते त्याला समजावून सांगावे लागले नाही.

तो आज या स्मरणिकेचा वाचक असेल. त्याचे नाव येथे देत नाही. नोंदवहीत ते आहे.

बाकीच्या छोट्या पाहुण्यांविषयी थोडक्यात. कुंपणाच्या बाभळीत ‘टक् टक्’ असा दोन खडे एकमेकांवर आपटल्यासारखा आवाज आला तर थांबावे. राखाडी डोके, डोळ्याजवळ गडद गाल आणि स्वच्छ पांढरा गळा असलेली छोटी शुभ्रकंठी आत असते. ती क्षणभरही एका फांदीवर टिकत नाही. कडुलिंबाच्या सावलीत, डोक्याच्या उंचीवर, चिमणीहून लहान आणि शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे डाग असलेला पक्षी म्हणजे लाल कंठाचा माशीमार. शेपूट वर झटकतो आणि बारीक खुळखुळ्यासारखा आवाज काढतो. कंठाचा नारिंगी रंग नराला असतो, मादीला व पिल्लांना नसतो, म्हणून लाल कंठ शोधत बसू नये. शेपटीवरचे पांढरे डाग शोधावेत. पूर्व युरोप आणि रशियाच्या जंगलांत घरटी करणारा हा जीव तुमच्या-आमच्या लिंबाखाली माश्या खाऊन वजन भरून घेत असतो. शेताच्या बांधावर, तुरीच्या किंवा वाळल्या काटकीच्या टोकावर बसणारा गप्पीदास आवारात क्वचितच शिरतो. त्याला पाहायला फाटकाबाहेर जावे.

पर्ण-वटवट्यांचे मात्र मी हात टेकले आहेत. हिरवट, बोटभर, सतत पानांत. यांच्या अनेक जाती हिवाळ्यात येतात आणि त्यांतील फरक पंखांवरच्या एखाद्या फिकट रेघेचा किंवा आवाजाचा असतो. येथे नवशिक्यांनी ‘पर्ण-वटवट्या, जात ठरली नाही’ एवढे लिहावे. ती नोंद अपुरी असली तरी खरी असते, आणि पुढे कोणाला तरी उपयोगी पडते. चुकीचे नाव मात्र नोंदवहीत एकदा शिरले की माझ्या चिरकासारखे दोन वर्षे मुक्काम करते.

भोरड्यांचा विषय निराळा. त्यांना ओळखण्यासाठी लेखाची गरज नाही. काळे डोके, काळे पंख, गुलाबी अंग, आणि मातकट रंगाची पिल्ले बरोबर घेऊन शेकड्यांनी येणारे थवे ज्याने लहानपणी ज्वारीच्या माळ्यावर बसून गोफण फिरवली आहे त्याने जन्मभरासाठी पाहिले आहेत. शाळूचे कणीस भरू लागले की भोरडी पडते, आणि हुरड्याच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ पत्र्याचे डबे वाजतात. शेतकऱ्याच्या घरी तिचे नाव शिवीसारखे घेतले जाते, आणि त्यात त्याची चूक नाही. तरीही दुसरी बाजू सांगितली पाहिजे. हाच पक्षी नाकतोडे आणि टोळ यांचा मोठा भक्षक आहे. चीनच्या शिंच्यांग प्रांतात टोळांच्या बंदोबस्तासाठी भोरड्यांना घरटी करता यावीत म्हणून मुद्दाम दगड-विटांच्या जागा बांधून देतात. म्हणजे आपण ज्याला गोफणीने हाकलतो त्याच्यासाठी तिकडे घर बांधले जाते. आग्नेय युरोपपासून कझाकस्तानच्या गवताळ मैदानांपर्यंत ही भोरडी मे-जूनमध्ये पिल्ले काढते आणि पावसाळा सरता सरता आपल्याकडे हजर होते; एप्रिलपर्यंत राहते. वर्षाचा अधिक काळ ती आपलीच असते. पळस, पांगारा आणि काटेसावर फुलली की ज्वारी सोडून ती फुलांवर उतरते. सायंकाळी तिचे थवे आभाळात एकाच वेळी वळतात तेव्हा वसतिगृहातील मुलांना खेळ थांबवून वर पाहू द्यावे, असे मी अधीक्षकांना नेहमी सुचवत असे.

हिवाळ्यातील धोक्यांचाही उल्लेख केला पाहिजे. अवकाळी पाऊस आणि गारपीट शेतकऱ्याला जितकी मारते तितकीच पक्ष्यांनाही. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी आपल्या जिल्ह्यात झालेली गारपीट अनेकांना आठवत असेल. गहू, हरभरा आणि मोसंबीचे नुकसान मोजले गेले. झाडांवर रात्र काढणाऱ्या पक्ष्याला गारांपासून आडोसा फक्त पानांचा आणि काट्यांचा असतो. दुसरा धोका संक्रांतीचा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी बाभळीत अडकलेला तुटका मांजा जानेवारीत आजही सापडतो. तो दिसला की काठीने गुंडाळून काढावा. पक्षी अडकला असेल तर ओढू नये, धागा कात्रीने कापावा.

तिसरा धोका आपण स्वतः चांगल्या हेतूने निर्माण करतो, आणि या ठिकाणी माझे मत काही विश्वस्तांना व पालकांना आवडणार नाही. आवार ‘स्वच्छ’ करायचे म्हणजे काटेरी कुंपण तोडून भिंत घालायची, घाणेरी व गवत काढून फरशी बसवायची, आणि उरलेल्या हिरवळीवर फवारणी करायची, अशी एक समजूत आहे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी भिंत हवी, हे मी नाकारत नाही. पण शुभ्रकंठीला बाभूळ हवी, थिरथिऱ्याला दगडांचा ढीग हवा, धोब्याला ओला चर हवा. भिंतीच्या आतल्या बाजूने चार हात रुंदीची काटेरी पट्टी राखली तर दोन्ही गोष्टी साधतात. जुन्या स्नानगृहामागचा तो ढीग नव्या बांधकामात गेला. त्यानंतरच्या हिवाळ्यात थिरथिरा आला. दोन दिवस छपरावर बसला आणि दिसेनासा झाला. पुढे माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने पाण्याच्या टाकीमागे दगड रचून दिले, तेव्हा काही वर्षांनी एक आला. तोच होता की दुसरा, हे सांगण्याचा मार्ग नाही.

नोंदीचे महत्त्व येथे लक्षात येते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे, आणि तो प्रामुख्याने सामान्य पक्षिनिरीक्षकांनी पाठवलेल्या नोंदींवर उभा आहे. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानत, तो विजेच्या तारेवर बसणारा नीलपंख देशभर झपाट्याने कमी होत आहे, हे अशाच नोंदींवरून उघड झाले. आपल्या वाडवडिलांना तो कमी होताना दिसला नसेल असे नाही. पण कोणी लिहून ठेवले नव्हते.

शाळेला सहज करता येण्यासारखे दोन उपक्रम आहेत. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा ‘पक्षिकोश’कार मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अली यांचा जन्मदिवस. पाहुणे नुकतेच उतरलेले असतात, तेव्हा नोंदवहीचा आरंभ त्या आठवड्यात करावा. दुसरा फेब्रुवारीत: ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही चार दिवसांची जागतिक गणना. १९९८ मध्ये उत्तर अमेरिकेत सुरू झालेली ही गणना २०१३ पासून जगभर होते, आणि भारतात तिच्या जोडीने शाळा-महाविद्यालयांच्या आवारांसाठी ‘कॅम्पस बर्ड काउंट’ घेतली जाते. एका जागी किमान पंधरा मिनिटे थांबायचे, जे पक्षी ओळखता आले ते संख्येसह लिहायचे आणि ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर भरायचे. पंधरा मिनिटे म्हणजे आपल्या मधल्या सुट्टीहूनही कमी. माजी विद्यार्थी जेथे असतील तेथून, मग ते पुण्यातील गॅलरी असो वा कारखान्यावरील कोप्यांसमोरचे मोकळे रान, यात भाग घेऊ शकतात.

घरी किंवा शाळेत नोंदवही आखताना रकाने असे ठेवावेत: दिनांक, वेळ, हवामान, जागा, पक्षी, संख्या, काय करत होता, पाहणाऱ्याचे नाव. हवामानात ‘थंडी’ एवढेच न लिहिता धुके, ढग, वारा, दव यांपैकी काय होते ते लिहावे. शेवटी ‘खात्री नाही’ असा एक रकाना ठेवावा आणि तो भरायला लाजू नये. पक्षी दिसला नाही, हेही लिहावे. थिरथिऱ्याची ओळख त्या कोऱ्या जागांवरूनच पटली.

विद्यालयाच्या विज्ञान कक्षात जुन्या नोंदवह्या कपाटात आहेत आणि भेट देणाऱ्या कोणालाही त्या पाहता येतात. यंदाच्या वहीचे पहिले पान पाचवीतल्या एका मुलीने भरले आहे: पांढरा धोबी, एक, मैदानाची पूर्व बाजू, हलके धुके, परिपाठाच्या वेळी. ‘काय करत होता’ या रकान्यात तिने लिहिले आहे, ‘आमच्यासारखा रांगेत उभा नव्हता.’